आमच्या घरचे पंचबारी

दसऱ्याच्या दिवशी आमच्या देवनारच्या घरी पाटावर जी आयुधे मांडली जातात, त्यांत सूनबाईंची विळी, नातवाची कंपासपेटी, माझा जीर्ण अमरकोश आणि चांदीसारखे चकाकणारे एक लहानसे पंचबारी रिव्हॉल्व्हर असते. सारा जन्म खडू-फळ्यात घालविलेल्या मास्तराच्या घरी हे शस्त्र कसे, असे प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याचे उत्तर आज सविस्तर द्यावयाचे आहे. कारण या शस्त्राविषयी नुकताच मला एक निर्णय घ्यावा लागला.

हे शस्त्र मूळचे माझ्या ज्येष्ठ बंधूंचे. दादा एका कारखान्यात खजिनदार होते. कामगारांच्या पगाराची रोकड आणण्याची जोखीम त्यांच्यावर असे. त्यांच्या पश्चात आम्ही ते कायद्याप्रमाणे तत्काळ पोलीस ठाण्यात जमा केले. पुढे वहिनींच्या व पुतण्यांच्या संमतीने मी वारस म्हणून अर्ज केला. चौकशी झाली, वैद्यकीय दाखला दिला, शस्त्र हाताळण्याचे रीतसर शिक्षण घेतले, आणि पोलीस आयुक्तांकडून परवाना हाती आल्यावरच ते घरात आले.

या शस्त्राचे पहिले सौख्य म्हणजे त्याचे पोलाद. वाचक भगिनींस नवल वाटेल, परंतु त्यांच्या स्वयंपाकघरातील स्टेनलेसची ताटवाटी आणि हे रिव्हॉल्व्हर एकाच कुळातील होत. इ. स. १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत होता. शेकडा सुमारे तेरा भाग क्रोमियम मिसळलेले पोलाद गंजत नाही, असे त्यास आढळले. शोध चालला होता बंदुकीसाठी. उपयोग झाला तो जेवणाच्या सुऱ्यांसाठी! पुढे १९६५ साली अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने स्टेनलेस पोलादाचे पंचबारी रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा हा धातू आपल्या मूळ कामाकडे परतला. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पोलादावर डोळ्यांस न दिसणारे पातळ आवरण चढते, ते त्याचे रक्षण करते. ठाण्याची खाडी आम्हांस जवळ. पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही ओल येते. अशा हवेत या गुणाचे मोल कळते. तथापि घामातील मीठ तसेच राहिले तर याही पोलादावर ठिपके पडतात. म्हणून मऊ फडके आणि तेलाचा थेंब यांस सुटी नाही.

दुसरे सौख्य त्याच्या रचनेचे. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत फिरत्या चक्रीचे पेटंट घेतले, तेव्हा घोडा अंगठ्याने मागे ओढताना चक्री फिरे. आता नुसता चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते, घोडा मागे जातो आणि पडतो. एका बोटाने तीन कामे! रिकामे शस्त्र पुसताना ही शिस्त पाहून मला पाणिनीच्या सूत्रांची आठवण होते. एकही अवयव अधिक नाही, एकही उणा नाही.

लहान शस्त्र म्हणजे सोपे शस्त्र, हा मात्र भ्रम होय. नळी आखूड असल्याने नेम सहज चुकतो; वजन थोडे असल्याने हातास बसणारा हिसका मोठा. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून सुमारे अर्ध्या किलोचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. वस्तू पैशाने मिळते, परंतु हाताचा सराव विकत मिळत नाही. नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या दिवशी माझ्या पाचांपैकी एकच गोळी कागदास लागली, हे येथे कबूल करतो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या श्रावणात शस्त्र पुसून मी मेजावर ठेवले, तोच दारावर कोणी हाक मारली. दोन मिनिटांत परत येतो तो नऊ वर्षांचा नातू ते दोन्ही हातांत धरून आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावर रोखीत उभा! शस्त्र रिकामे होते; काडतुसे दुसऱ्या कपाटात कुलुपात होती. मी ते त्याच्या हातून काढून घेतले. दारात सूनबाई उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "मामंजी, ते रिकामे आहे हे तुम्हांला ठाऊक होते, मला नव्हते."

त्या रात्री मला झोप आली नाही. अज्ञातवासास निघताना पांडवांनी आपली आयुधे स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर बांधली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेत टांगले, ही कथा मी विद्यार्थ्यांस कितीदा सांगितली असेल! शस्त्र ठेवावे कसे, याचाच तो पाठ. आणि तो मास्तरच विसरला.

दुसऱ्याच दिवशी भिंतीत पक्की बसविलेली तिजोरी आणली. शस्त्र एका कप्प्यात, काडतुसे निराळ्या कुलुपात, आणि त्या दुसऱ्या कुलुपाची किल्ली सूनबाईंकडे. चोर आला तर किल्ल्या शोधीत बसावे लागेल, हे मित्रांचे म्हणणे खरे आहे. पण चोर आलाच तर एखादे वेळी येईल. नातू घरात रोज वावरतो.

परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली की आपल्या वारसाचे नाव सुचविता येते, असे २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. मला येत्या वर्षी सत्तरावे लागेल. "काकांची आठवण म्हणून ते घरात राहू द्यावे," असे चिरंजीवांचे मत होते. मी म्हणालो, "आठवणच हवी असेल तर दादांचे घड्याळ आहे. हे हवे असेल तर शिक्षण, सराव, निगा आणि दररोजची जागरूकता, सारेच घ्यावे लागेल." दोन दिवस विचार करून ते म्हणाले, "घड्याळ द्या."

मला वाईट वाटले, हे लपवीत नाही. मनावरचे ओझेही उतरले. येत्या दसऱ्यास ते पाटावर शेवटचे मांडले जाईल. त्यानंतर रीतसर परवानाधारक विक्रेत्याच्या स्वाधीन होईल. ज्यांच्या घरी असे शस्त्र असेल त्यांनी त्याचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र घरातील सर्वांत लहान मूल कोठे आहे, हे आधी पाहून मगच तिजोरी उघडावी. पोलादास गंज चढणार नाही, याची हमी कारखाना देतो. आपल्या दक्षतेस तो चढू न देणे हे आपल्याच हाती आहे.