रक्ताची गुठळी आणि हेपारिनचा प्रश्न

साक्रीहून सुरत-नागपूर महामार्गाने धुळे सुमारे 50 किलोमीटर. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनाचा अत्यवस्थ रुग्ण घेऊन या वाटेने निघालेल्या कुटुंबाचे लक्ष ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळलेले असे. रुग्णालयात मात्र ‘डी-डायमर’ हा अपरिचित शब्द कानी पडे आणि पोटावर ‘रक्त पातळ करण्याचे’ इंजेक्शन सुरू होई.

रक्त त्याने पातळ होत नाही. गुठळी धरण्याची क्रिया मंदावते. तीव्र संसर्गात रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावते आणि जखम नसतानाही रक्त साकळू लागते. 2020 मधील एका शवविच्छेदन-अभ्यासात कोरोनाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत इन्फ्लुएंझाच्या तुलनेत नऊपट सूक्ष्म गुठळ्या आढळल्या. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या उपचार-मार्गदर्शिकेत हेपारिन-वर्गातील औषधांचा समावेश झाला होता.

जैन घरांसाठी खरा पेच येथेच आहे. हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात; बहुधा दिले जाणारे एनॉक्सापॅरिन हे त्याचेच रूप. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका पारखून माल भरणाऱ्या दुकानदारालाही हे ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण औषधांवर तसा ठिपका बंधनकारक नाही.

फोंडापॅरिनक्स हे पूर्णतः कृत्रिम औषध उपलब्ध आहे. परंतु ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुर्बल असल्यास ते चालत नाही. शिवाय रक्तस्राव झाल्यास त्याचा परिणाम उलटवणे कठीण. हेपारिनचा परिणाम प्रोटामिनने उलटवता येतो. अर्थात तेही परंपरेने माशापासूनच मिळवलेले! म्हणून पर्यायाची विचारणा दाखल होतानाच, मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद समोर ठेवून करावी. श्वास कोंडू लागल्यावर, मध्यरात्री इंजेक्शन अडवून धरणे रुग्णावर अन्यायाचे ठरेल.

हा उपचार प्रत्येक विषाणूज्वराला लागू नाही. डेंग्यूत प्लेटलेट घटून रक्तस्रावाचा धोका असतो. तेथे ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेनची गोळी स्वतःच्या मनाने घेणे घातक.

कोरोनातून घरी परतल्यावरही काही आठवडे गुठळीचा धोका राहतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ती चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी. एकाएकी धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.