आधी काम समजून घ्या, मग संगणक!
मुलगी इंजिनीअरिंगला आहे म्हटलं, की यंत्रं आणि संगणक डोळ्यांसमोर येतात. मग तिला ऑफिसातल्या कागदांची ये-जा कशाला शिकवायची?

याचं उत्तर फोर्ड मोटार कंपनीच्या उदाहरणात आहे. मायकेल हॅमर यांनी १९९० साली एका लेखात मांडलेलं हे उदाहरण या विषयात आजही प्रसिद्ध आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, पुरवठादारांची बिलं चुकती करायला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील विभागात ५००हून अधिक माणसं होती. संगणक आणून त्यांत २० टक्के कपात करायची, असा बेत होता. पण जपानच्या माझदा कंपनीत हेच काम ५ जण करत होते!

खरा घोळ कागदांत होता. खरेदीची ऑर्डर, मालाची पोच आणि बिल यांतल्या १४ बाबी कारकुनांना जुळवाव्या लागत. फोर्डने बिलच रद्द केलं. माल येताच संगणकातल्या ऑर्डरशी ताडून पाहायचा. जुळला तर पैसे, नाही तर माल परत. माणसं ७५ टक्क्यांनी घटली.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याआधी कामाचा नकाशा काढायचा असतो. वर्तुळ म्हणजे सुरुवात किंवा शेवट, चौकोन म्हणजे काम, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे निर्णय. सराव कॉलेजातल्या दाखल्यावरही करता येतो: अर्ज किती टेबलं फिरतो, कुठे अडतो, कोणती सही अनावश्यक आहे?

मात्र, चौकोन खोडणं सोपं असतं. त्यामागे बसलेल्या माणसाला पुढे कोणतं काम देणार, हा प्रश्नही त्याच वर्गात विचारला गेला पाहिजे.