संगणकातील तुकडेबंदी : डिस्क सावरणारा प्रोग्राम कोणता घ्यावा?



हल्ली आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी संगणक आहे. ऊसनोंद, उसाची बिले, सोसायटीचे कागद, सातबाऱ्याच्या नकला आणि मुलांचे फोटो, सगळे त्यातच असते. चार-पाच वर्षांत तो रखडायला लागतो. मग कोणीतरी सांगतो, "डीफ्रॅगचा प्रोग्राम घ्या, पळायला लागेल." पैसे मोजण्याआधी हा प्रकार काय आहे ते पाहू.

तुकडेबंदी आपल्याला नवी नाही. वाटण्या होत होत जमिनी विखुरल्या, म्हणून १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला, आणि पुढे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. डिस्कवरही असेच होते. फायली पुसतो, नव्या ठेवतो. मग मोठी फाइल जिथे जागा सापडेल तिथे तुकड्या-तुकड्याने बसते. खडकवासल्याच्या कालव्याची पाळी आली आणि आपले रान पाच ठिकाणी असले, तर दारे धरणाऱ्याचा निम्मा वेळ चालण्यातच जातो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी दांडी तिच्यावर जागा शोधत हिंडते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर नव्या जागी पोचायला सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही, पण फाइलचे १००० तुकडे असतील तर बारा सेकंद नुसत्या हिंडण्यात गेले! तुकडे एकत्र लावून देणे, हेच डीफ्रॅगचे काम.

पण आपल्या संगणकात तबकडी आहे का, हे आधी बघा. अलीकडच्या बहुतेक संगणकांत एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काहीच नाही. कुठलाही तुकडा जवळपास सारख्याच वेळात मिळतो. शिवाय तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, म्हणून विनाकारण डीफ्रॅग करणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे.

विंडोजमध्ये शोधाच्या खिडकीत 'डीफ्रॅगमेंट' असे इंग्रजीत लिहा. जो पडदा उघडेल त्यात प्रत्येक डिस्कपुढे तिची जात लिहिलेली दिसते. हाच विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम. एमएस-डॉसमध्ये तो १९९३ साली आला. आताच्या विंडोजमध्ये तो आठवड्यातून एकदा आपोआप चालतो, आणि एसएसडी असेल तर तुकडे न हलवता फक्त रिकामी जागा कळवतो. घरच्या वापराला एवढा पुरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरचेही आहेत. 'डीफ्रॅगलर' फुकट मिळतो, त्यात एकच फाइल निवडून सावरता येते. जर्मनीचा 'ओ अँड ओ डीफ्रॅग' विकत घ्यावा लागतो. रोज मोठमोठ्या फायली हाताळणाऱ्याला त्यांचा उपयोग होईल. ऊसबिले बघणाऱ्याला नाही. घ्यायचाच तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून घ्यावा. "तुमच्या संगणकात १२०० दोष" असे लाल अक्षरांत दाखवून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. ते दोष बहुधा त्यानेच मोजलेले असतात!

आता महत्त्वाचे. संगणक रखडतो तो प्रत्येक वेळी तुकड्यांमुळेच नव्हे. आमच्या घरची जुनी डिस्क टकटक आवाज करू लागली, तेव्हा मी रात्रभर डीफ्रॅग लावून ठेवले. सकाळी डिस्क बंद. लागवडीच्या तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. डिस्क मरणाला टेकलेली असताना सगळ्या फायली उचलून दुसरीकडे ठेवायला लावणे, म्हणजे थकल्या बैलाला भरल्या गाडीला जुंपणे. आवाज येत असेल, फाइल उघडताना अडत असेल, तर डीफ्रॅगला हात लावू नका. आधी बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढा.

डिस्क धड असेल तर नको त्या फायली काढून निदान १५ टक्के जागा मोकळी करा, मग डीफ्रॅग लावा. वीज जायच्या वेळा आपल्याला ठाऊकच आहेत. त्या टाळून लावा किंवा यूपीएस जोडा. आणि एवढे करूनही जुना संगणक रखडत असेल, तर डीफ्रॅगच्या प्रोग्रामला द्यायचे पैसे एसएसडीकडे वळवा. जुनी तबकडी काढून ती बसवली की फरक पहिल्याच दिवशी दिसतो. बसवणाऱ्याला जुनी डिस्क मात्र परत मागून घ्या, तुमचे सगळे कागद तिच्यात आहेत.