टेबलावरील प्रत आणि मूळ दप्तर

पावसाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी दूरसंपर्क तास-दोन तास खंडित होणे नवीन नाही. अशा वेळीही आउटलूकमधील जुनी पत्रे वाचता येतात व उत्तरे लिहून ठेवता येतात. मध्यवर्ती सर्व्हरवरील टपालपेटीची एक प्रत कर्मचाऱ्याच्या संगणकावर साठविलेली असते, म्हणूनच हे शक्य होते. एक्स्चेंज सर्व्हरशी जोडलेल्या आउटलूकमध्ये ही सोय २००३ च्या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. ही प्रत ओएसटी नावाच्या फायलीत राहते. मूळ दप्तर मात्र सर्व्हरवरच असते. हा भेद ध्यानी न घेतल्यास महत्त्वाची पत्रे कायमची गमावण्याचा संभव असतो.

किती महिन्यांची पत्रे?

सर्वच पत्रे संगणकावर उतरविली, तर फाइल फुगते व आउटलूक मंदावते. यास्तव २०१३ च्या आवृत्तीपासून किती काळाची पत्रे जवळ ठेवावयाची, हे ठरविण्याची योजना आहे. क्लासिक आउटलूकच्या पुढील आवृत्त्यांत, डिस्क ६४ जीबीपेक्षा मोठी असल्यास ही मुदत सामान्यतः १२ महिने असते. त्यापूर्वीची पत्रे सर्व्हरवर सुरक्षित असतात. संपर्क असताना यादीच्या तळाशी दिलेल्या दुव्यावरून ती पाहता येतात. संपर्क नसताना शोधूनही जुने पत्र सापडले नाही, म्हणजे ते नष्ट झाले असे समजू नये. दिनदर्शिका व संपर्क-पत्ते यांना ही मुदत लागू होत नाही.

जागा कशी मोकळी करावी?

खरा धोका येथेच आहे. मुदत १२ महिन्यांवरून ३ महिन्यांवर आणल्यास केवळ संगणकावरील प्रत लहान होते, मूळ पत्रांना धक्का लागत नाही. हा बदल खाते-जोडणीच्या पर्यायांत करता येतो. त्यानंतर आउटलूक बंद करून पुन्हा सुरू करावे. परंतु जागा करण्यासाठी पत्रेच खोडली, तर पुढील संपर्क होताच ती सर्व्हरवरूनही खोडली जातात, आणि सामाईक टपालपेटी असल्यास सहकाऱ्यांनाही दिसेनाशी होतात. तीच गोष्ट पीएसटी फायलीत पत्रे हलविण्याची. ती सर्व्हरवरून निघून एकाच संगणकावर येतात, आणि तो बिघडला की पत्रेही जातात.

‘पाठवले’ म्हणजे पोहोचले नव्हे

संपर्क खंडित असताना धाडलेले उत्तर जावक पेटीत थांबून राहते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी उत्तर लिहून, बटण दाबून, संगणक बंद करून कर्मचारी घरी गेला, तर पत्र त्या टेबलावरच राहिलेले असते. नागरिकाच्या अर्जाचा निर्णय अशा एका पत्रावर अवलंबून असू शकतो. म्हणून कार्यालय सोडण्यापूर्वी खालच्या पट्टीवर संपर्क जोडलेला आहे आणि जावक पेटी रिकामी आहे, याची खात्री करावी.

संगणक हाती देताना

ओएसटी फाइल बिघडल्यास तिचे नाव बदलून आउटलूक पुन्हा सुरू करता येते. नवी प्रत सर्व्हरवरून आपोआप तयार होते. सर्व्हरपर्यंत न पोहोचलेले लेखन मात्र परत येत नाही, म्हणून ते आधी वेगळे जतन करावे व हे काम संगणक कक्षाच्या साहाय्याने करावे. बदलीच्या वेळी किंवा दुरुस्तीसाठी संगणक देताना ही फाइलही सोबत जाते, याचेही भान असावे. बिटलॉकरसारखी डिस्क-कुलूपाची व्यवस्था चालू ठेवणे, जुन्या वापरकर्त्याचे खाते काढून टाकणे आणि अनेकांच्या वापरातील संगणकावर प्रत न साठविणे इष्ट होय.

टेबलावरील प्रत ही सोयीसाठी असते. तिची मुदत खुशाल कमी-अधिक करावी. पत्र खोडताना मात्र आपण मूळ दप्तरातीलच कागद फाडत आहोत, हे प्रत्येकाने स्मरणात ठेवावे.