दर दोन सेकंदांनी नवी हवा

गेमिंगसाठी संगणक जुळवायचा म्हटलं की सगळा हिशेब ग्राफिक्स कार्डापासून सुरू होतो. मग प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. कॅबिनेटची पाळी शेवटी येते, तोवर खिसा हलका झालेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उरलेल्या चार-पाच हजारांत ग्राहक बहुधा जे सर्वांत जास्त चमकतं तेच उचलतो: समोर काच, बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे. आतल्या महागड्या कार्डाला हवा कुठून मिळणार, हे विचारायचं राहूनच जातं.

खरं तर कॅबिनेट घेताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

संगणक जेवढी वीज ओढतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० हे कार्ड एकटंच २०० वॅटपर्यंत जातं. प्रोसेसर आणि बाकीचे भाग धरले तर खेळ रंगात असताना कॅबिनेटमध्ये साधारण ३०० वॅट उष्णता तयार होते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे आतली हवा खोलीपेक्षा दहाच अंश गरम राहावी असं वाटत असेल, तर दर सेकंदाला २५ लिटर हवा आरपार गेली पाहिजे. कॉर्सेअरच्या ४०००डी या मध्यम आकाराच्या कॅबिनेटचं बाहेरून मोजलेलं आकारमान ४९ लिटरच्या आसपास भरतं. तेव्हा आतली सगळी हवा दर दोन सेकंदांनी बदलायला हवी! हा वेग निम्म्यावर आला की तापमानातला फरक दहाचा वीस अंश होतो. जळगाव-नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर कार्डाच्या पंख्यांना ५८ अंशांची हवा ओढावी लागते. मग ते पंखे किंचाळू लागतात आणि कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतं. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच हातचा जातो.

इथे समोरची पट्टी निर्णायक ठरते. ४०००डी हे कॅबिनेट २०२० साली दोन रूपांत आलं. सांगाडा तोच, १२० मिलिमीटरचे दोन पंखेही तेच. एकाला समोर सपाट बंद पत्रा आणि हवेसाठी कडेच्या फटी, तर ‘एअरफ्लो’ नावाच्या दुसऱ्याला भोकाभोकांची पोलादी जाळी. एनएक्सझेडटीनेही बंद तोंडाच्या एच५१०नंतर २०२१ मध्ये जाळीचं एच५१० फ्लो काढलं. बंद खिडकीसमोर टेबलफॅन कितीही मोठा ठेवला तरी बाहेरची हवा आत येत नाही, तसंच काचेमागच्या पंख्यांचं होतं. बाजूची काच मात्र खुशाल असू द्यावी. हवेची वाट तिथून जात नाही.

पंख्यांची संख्या पाहून भुलू नये, त्यांची वायर पाहावी. स्वस्त कॅबिनेटमधले बरेच पंखे मोठ्या मोलेक्स कनेक्टरने थेट एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला, जोडलेले असतात आणि संगणक सुरू असेपर्यंत एकाच वेगाने घोंघावत राहतात. मदरबोर्डला लागणारी छोटी तीन किंवा चार पिनांची वायर असेल तर वेग कमी-जास्त करता येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, रात्री घरातले झोपलेले असताना हे फार मोलाचं. मोठा पंखा म्हणूनच परवडतो: १४० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ १२०च्या तुलनेत ३६ टक्क्यांनी जास्त, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो.

मापं मात्र कागदावर जुळवूनच घ्यावीत. ४०००डीत ३६० मिलिमीटर लांबीचं कार्ड आणि १७० मिलिमीटर उंचीचा प्रोसेसर-कूलर बसतो, पण सगळीकडे एवढी जागा नसते. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलरच १६५ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटची मर्यादा १६० असेल तर बाजूची काच लागणारच नाही.

आपल्याकडची धूळ हा वेगळाच जाच. पुढून आत येणारी हवा मागून ओढली जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटीफटीतून धूळ आत खेचली जात नाही. ती पुढच्या जाळीवरच अडकते. ही जाळी आणि एसएमपीएसखालची जाळी हाताने ओढून निघणारी, नळाखाली धुता येणारी हवी. स्क्रू काढल्याशिवाय निघत नसेल तर ती वर्षभरात कोणी धुणार नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी दुकानदाराला खोकं उघडायला सांगावं, कॅबिनेटची पुढची पट्टी काढून हातात घ्यावी आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावावा. उजेड सगळीकडून आरपार दिसत नसेल, तर ते कॅबिनेट कितीही देखणं आणि कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.