कचेरीतला शिक्का, सणाचं कार्ड

१८४३ सालचा डिसेंबर. लंडनच्या हेन्री कोल यांच्यापुढे उत्तरं द्यायच्या पत्रांचा ढीग साचला होता. एका पेनीत देशभर कुठेही पत्र पोचवणारी टपालयोजना १८४० मध्ये सुरू झाली होती आणि ती मार्गी लावण्यात खुद्द कोल यांचा हातभार होता. टपाल स्वस्त झालं तशी पत्रं वाढली, आणि नाताळात आप्तेष्टांना स्वहस्ते पत्र लिहिण्याचा शिरस्ता तर मोडवत नव्हता. कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. मधोमध पेले उंचावणारं तीन पिढ्यांचं कुटुंब, दोन बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसं. ते शिळाछापावर छापून हातानं रंगवलं, आणि वर नाव लिहायला रिकामी ओळ सोडली. जगातलं पहिलं छापील नाताळ कार्ड म्हणून ते आज ओळखलं जातं. एका कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे कष्टकऱ्याला न परवडणारी. चित्रात लहान मुलाच्या ओठी वाइन दाखवली म्हणून दारूबंदीवाल्यांनी टीकाही केली.

शुभेच्छापत्र जन्मलं ते असं, वेळ वाचवण्यासाठी. पुढे वीसेक वर्षांत आलेला रबरी शिक्काही त्याचसाठी जन्मला. या दोन सोयी गेल्या पन्नासेक वर्षांत एकत्र आल्या आणि त्यांतून उभी राहिली ती मात्र एकेका कार्डावर तास-दोन तास आनंदानं घालवायची कला. हा उलटा प्रवास कसा झाला, ते पाहण्यासारखं आहे.

दातांच्या कवळीपासून शिक्क्यापर्यंत

कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगलं की गंधक मिसळून तापवलं तर रबराचा हा दोष जातो. त्यांना अमेरिकेत १८४४ मध्ये पेटंट मिळालं. इंग्लंडात थॉमस हॅनकॉक यांनी त्याआधीच, १८४३ मध्ये, अर्ज ठोकला होता. गुडइयर १८६० मध्ये वारले ते कर्जबाजारी अवस्थेत.

या रबराचं घरोघरी पोचलेलं एक रूप म्हणजे दातांची कवळी. सोन्याच्या पट्टीपेक्षा कडक रबराची बैठक कितीतरी स्वस्त पडे, त्यामुळे दंतवैद्यांकडे रबर तापवून पक्कं करणारी छोटी बंद भांडी आली. शिक्क्याचा धंदा उभा राहिला तो याच भांड्यांवर. पहिला रबरी शिक्का कोणी केला याचे दावेदार अनेक आहेत. त्यांत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या जेम्स वूड्रफ यांचं नाव ठळकपणे घेतलं जातं. काळ १८६० च्या दशकाचा. छपाईचे खिळे जुळवायचे, त्यांचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यात कच्चं रबर दाबायचं आणि भांड्यात तापवायचं. थंड झाल्यावर रबर सोलून काढलं की अक्षरं उठून आलेली असत.

लाकडी किंवा धातूचा ठसा कडक असतो. कागद जरा खालीवर असला की छाप अर्धवट उठते. रबर मात्र कागदापुढे थोडं नमतं, म्हणून छाप भरीव येते. बँका, टपालघरं, कोर्टकचेऱ्या यांना हेच हवं होतं. कारकून कोणीही असो, हात कसाही असो, निशाणी एकसारखी.

कचेरीबाहेर

या एकसारखेपणाशी पहिल्यांदा खेळले ते चित्रकार. जर्मनीतल्या हानोफरच्या कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ च्या सुमारास कचेरीचे शिक्के वापरून चित्रं केली. फ्रान्सच्या आर्मां यांनी १९५० च्या दशकात एकाच कागदावर शेकडो शिक्के एकमेकांवर उमटवून मोठी चित्रं उभी केली. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन यांच्याभोवती टपालकलेची मंडळी जमली. चित्र दालनात न टांगता पाकिटात घालून एकमेकांना पाठवायचं, आणि पाकिटावर स्वतः घडवलेले शिक्के मारायचे. १९७४ मध्ये कलावंत एर्वे फिशर यांनी या शिक्क्यांचा संग्रहच पुस्तकरूपानं काढला.

टपालकलेची ही हौस अमेरिकेत घरगुती जेवणाच्या टेबलावर पोचली. शिक्केवेड्यांसाठी ‘रबरस्टँपमॅडनेस’ हे नियतकालिक १९८० मध्ये निघालं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टँपिन अप’ या कंपनीनं शिक्के दुकानातून न विकता घरी जमलेल्या मैत्रिणींना कार्ड करून दाखवत विकले. या सगळ्यांतल्या बहुतेकींना चित्र काढता येत नव्हतं, आणि रबरी शिक्क्याचं मोठेपण मला इथेच दिसतं. रेषेचा भार शिक्का उचलतो. शाई कोणती, दाब किती, जागा कुठे, रंग कोणता, हे ठरवायचं काम हातांकडे उरतं. चित्रकलेच्या तासाला भेदरलेल्या माणसालाही रचनेचं सुख मिळतं.

शाई, पावडर आणि झाकण

शाईपासूनच पाहू. कागदात मुरणारी शाई लगेच सुकते, पण उजेडात फिकी पडते. रंगद्रव्याची दाट शाई कागदाच्या वर बसते, उशिरा सुकते, पण टिकते आणि गडद कागदावरही उठते. एकदा शाई लावून तोच शिक्का दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारला तर छाप फिकी होत जाते. नवशिके याला चूक समजतात. मुरलेली माणसं यातूनच जवळची पानं गडद आणि दूरची फिकट करतात.

दुसरी युक्ती झाकणाची. समजा, कार्डावर पुढे पणती आणि तिच्यामागे झेंडूची फुलं हवी आहेत. मन म्हणतं, आधी मागचं उमटवू. करायचं मात्र उलट: पणती आधी. तीच पणती पातळ चिकटचिठ्ठीवरही उमटवायची, रेषेच्या किंचित आतून कापायची आणि कार्डावरच्या पणतीवर नेमकी बसवायची. मग झेंडूचा शिक्का बेधडक तिच्या अंगावरून मारायचा. चिठ्ठी उचलली की झेंडू पणतीच्या मागे गेलेला दिसतो. शिक्का होता सपाट, पण कागदाला खोली आली.

तिसरी गोष्ट उठावाची. उशिरा सुकणाऱ्या पारदर्शक शाईनं छाप मारायची, ओली असतानाच तिच्यावर बारीक प्लॅस्टिकची पावडर पसरायची, कागद उभा धरून टिचकी मारायची आणि जास्तीची पावडर परत डबीत ओतायची. मग उष्ण हवेचं यंत्र. केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही. त्याचा वारा जास्त आणि धग कमी, त्यामुळे पावडर वितळण्याआधी उडते. योग्य धग मिळाली की भुरकट पावडर कडेनं ओली दिसू लागते आणि पाहता पाहता सोनेरी चकाकी रेषेवरून सरकत जाते. हात तिथेच थांबायला हवा. धग जास्त झाली तर पावडर कागदात उतरते, उठाव बसतो आणि मागे तेलकट डाग राहतो.

आता पारदर्शक पॉलिमरचे ठसेही मिळतात. ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला ते आपसूक चिकटतात आणि आरपार दिसत असल्यानं छाप कुठे पडणार ते आधीच कळतं.

हाताला मिळालेली मान्यता

शिक्क्यावरच्या चित्राचा हक्क काढणाऱ्याचा. मग त्या शिक्क्यानं केलेलं कार्ड विकता येईल का? शिक्के बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी यावर जी सवलत ठेवली, तिला ‘एंजल पॉलिसी’ म्हणतात. कार्ड स्वतःच्या हातानं, एकेक करून उमटवलेलं असेल तर खुशाल विका. त्याच चित्राच्या यंत्रावर प्रती काढायला मात्र बंदी. एकसारख्या छापेसाठी जन्मलेल्या साधनाच्या बाबतीत व्यापारानंच मान्य केलं की हातानं मारलेली प्रत्येक छाप वेगळं काम आहे.

हातची कार्डं विक्रीपलीकडेही गेली. अमेरिकेत काही वर्षं ‘ऑपरेशन राइट होम’ नावाचा उपक्रम चालला. कार्ड करणाऱ्या बायका आपली कार्डं आतून कोरी ठेवून परदेशी तैनात सैनिकांकडे पाठवत. सैनिक त्यांत मजकूर लिहून ती आपल्या घरी धाडत. करणारी एक, लिहिणारा दुसरा, वाचणारं तिसरंच कोणी. आणि तिघंही परस्परांना अनोळखी किंवा दूर.

जपानचं नववर्ष

हाताच्या ठशाला सणाशी सर्वांत घट्ट बांधलं ते जपाननं. तिथे नववर्षाची पत्रं, ‘नेंगाजो’, २५ डिसेंबरपर्यंत टाकली की टपालखातं ती १ जानेवारीला घरोघरी गठ्ठ्यानं पोचवतं. १९४९ पासून या कार्डांवर सोडतीचे क्रमांक असतात. बारा प्राण्यांच्या चक्रातला प्राणी दरवर्षी बदलतो, म्हणजे चित्र दरवर्षी नवं हवं. म्हणून घराघरांत बटाटा-रताळ्याचे ठसे कापले गेले, खोडरबर कोरले गेले. १९७७ मध्ये ‘प्रिंट गोक्को’ हे घरगुती छपाईचं छोटं यंत्र आलं आणि लाखो घरांत पोचलं; २००८ मध्ये त्याची विक्री थांबली.

खोडरबराच्या ठशाला प्रतिष्ठा दिली ती नॅन्सी सेकी यांनी. टीव्हीवरच्या प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे त्या खोडरबरात कोरत आणि त्या छापेसोबत धारदार स्तंभ लिहीत. २००२ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, त्या गेल्या. मागे पाच हजारांहून अधिक ठसे राहिले.

नेंगाजोची संख्या मात्र घसरते आहे. २००४ च्या नववर्षासाठी सुमारे ४४५ कोटी कार्डं काढली होती, २०२५ साठी सुमारे १०७ कोटी. या आकड्यांनी हळहळ वाटते, पण मला त्यांत दुसरंही काही दिसतं. ओळखीपाळखीच्या, कचेरीतल्या, मागच्या वर्षी त्यांचं आलं म्हणून पाठवायच्या कार्डांचं ओझं आता फोननं उचललं आहे.

आपल्या घरी

आपल्याकडे ठसेकाम बहुतेकांनी शाळेत केलेलं असतं. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवला की पाच पाकळ्यांचं फूल तयार. अर्ध्या बटाट्यावर पान कोरता येतं. तिथून रबरी ठशापर्यंतचं अंतर एका पांढऱ्या खोडरबराचं आणि धारदार कटरचं आहे.

‘शुभ दीपावली’ कोरायचं तर अक्षरं उलटी हवीत, आणि ती उलटी लिहिण्याची खटपट करू नये. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सरळ लिहावं, कागद पालथा घालून नखानं घासावा. शिसं रबरावर उतरतं आणि अक्षरं आपोआप उलटी होतात. देवनागरी इथे मदतीला येते: शिरोरेषेमुळे अक्षरं एकमेकांना धरून राहतात, ओळ वाकडी होत नाही. खरी परीक्षा ‘व’ च्या पोटातल्या पोकळीची आणि वेलांट्यांची. पोकळी आधी कोरावी, बाहेरची कड नंतर. कटर रेषेपासून बाहेर तिरका धरावा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि दाबल्यावर वेलांटी मोडत नाही.

सगळ्यांना शुभेच्छा पोचवणं आता फोनचं काम. त्यामुळे कार्डावर सगळ्यांना पुरण्याची सक्ती उरलेली नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा हाताच्या ठशाला आहे. दहा माणसं निवडावीत, दहा कार्डं करावीत, आणि प्रत्येकावर शाई लावताना ते कोणासाठी आहे हे ठरलेलं असावं. ज्या नात्यांवर आपण मुद्दाम वेळ घालवायला तयार असतो, त्यांची यादी यातूनच तयार होते, आणि ती दरवर्षी नव्यानं करण्याइतकं महत्त्वाचं काम सणाच्या दिवसांत दुसरं नाही.