शंभर डॉलरच्या लॅपटॉपची वीस वर्षं

एमआयटीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, तेव्हा हिशेब सरळ होता. गरीब देशांच्या सरकारांनी लाखांनी लॅपटॉप घ्यायचे, शाळकरी पोरांना फुकट वाटायचे. पुढचं पोरं आपापलं शिकतील. कंबोडियातल्या एका खेड्यात त्यांनी आधी हे करून पाहिलं होतं. तिथे घरात वीज नव्हती, त्यामुळे लॅपटॉपचा पडदा हाच घरातला सगळ्यात लख्ख उजेड ठरला आणि आईबाप खूश झाले, असं ते हौसेने सांगत. वस्तू लोकांना आवडेल, पण देणाऱ्याच्या मनात होतं त्याच कारणासाठी आवडेल असं नाही, हे खरं तर तेव्हाच दिसलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत लॅपटॉपचा नमुना दाखवला गेला. वीज नसेल तिथे हाताने फिरवून चार्ज करण्यासाठी त्याला पिवळा दांडा होता. प्रात्यक्षिकातच तो निखळला. प्रत्यक्षात ‘एक्सओ’ नावाने आलेल्या लॅपटॉपला दांडा नव्हता आणि किंमतही शंभर नव्हे, जवळजवळ दोनशे डॉलर होती. यंत्र मात्र अस्सल होतं: हिरवं-पांढरं, चिमुकल्या बोटांना बेताचा रबरी कीबोर्ड, भर उन्हात वाचता येणारा पडदा.

भारत सरकारने २००६ मध्येच नकार कळवला होता. चकचकीत साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड जास्त आहे, असं मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं म्हणणं होतं. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावातल्या एकशिक्षकी शाळेत प्रयोग झाला. वीस-बावीस पोरांना देवनागरी कीबोर्डचे एक्सओ मिळाले. खैराटचं कौतुक पुष्कळ झालं. देशभर योजना मात्र झाली नाही.

खरी परीक्षा दक्षिण अमेरिकेत झाली. पेरूने साडेआठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले आणि आधी दुर्गम, डोंगराळ शाळांना दिले. बऱ्याच ठिकाणी इंटरनेट नव्हतं, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे वरातीमागून घोडं. आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: गणित आणि भाषेत काही फरक नाही.

उरुग्वेची गोष्ट वेगळी. मे २००७ मध्ये विला कार्दाल या छोट्या गावातून सुरुवात करून त्या देशाने ऑक्टोबर २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. त्यांनी वाटपावर न थांबता शाळाशाळांत इंटरनेट नेलं, दुरुस्तीची सोय उभी केली आणि त्यासाठी कायमची यंत्रणा ठेवली: प्लान सेइबाल. तरीही नंतरच्या अभ्यासात तिथेही गणित-वाचनाचे गुण वाढलेले दिसले नाहीत. गरीब-श्रीमंत घरांतली संगणकाची दरी मात्र झपाट्याने कमी झाली. इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते, तेव्हा त्याच जाळ्यावरून परदेशातले शिक्षक पडद्यावर येऊन वर्ग घेऊ लागले. २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा उरुग्वेला शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

नेग्रोपॉन्टे कोट्यवधी लॅपटॉपची भाषा करत होते. जगभर वाटले गेले तीसेक लाख. पण हिशेब चुकला तो आकड्यात नव्हे. लॅपटॉप मास्तरांची जागा घेईल, हे गृहीतकच चुकलं. वस्तू म्हणून त्याने आपलं काम केलं. शिकवण्याचं काम त्याचं नव्हतंच.

आपल्याकडेही निवडणूक आली की फुकट लॅपटॉप नि टॅबलेटच्या घोषणा होतात. तेव्हा किती वाटणार एवढ्यावर समाधान मानू नका. तिसऱ्या वर्षी बॅटरी बसली तर ती कोण बदलणार, त्याची तरतूद कुठल्या खात्यात आहे आणि गुरुजींचं प्रशिक्षण वाटपाच्या आधी की नंतर, एवढं विचारा.